खांबावरचा सातवा नाल

आमच्या तोकाचीत, इकडे बर्फाच्या उत्तरेत, ज्याच्या गाडीत इवाबुची-सानने दिलेला जुना नाल टांगलेला नाही, तो एकतर इथे नवा राहायला आलेला असणार, नाहीतर महाआळशी. कारण नाल ते फुकटच द्यायचे, फक्त दुकानापर्यंत जायचे कष्ट. घोडा वाटेत पडलेल्या माणसावर कधी पाय देत नाही, म्हणून ज्या गाडीत नाल त्या गाडीखाली कुणी येत नाही, असं इकडे सगळे मानतात. पोस्टमन मानतो, शाळेच्या बसचा ड्रायव्हर मानतो, आणि आमच्या मंदिराचे पुजारी तर दोन-दोन नाल लावून हिंडतात, कारण ते गाडी फारच वाईट चालवतात.

इवाबुची साकुजी हे आमच्या भागाचे नालबंद. आता ब्याण्णव वर्षांचे आहेत. बुटके, डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली, आणि दोन्ही हातांवर भाजल्याचे इतके डाग की लहानपणी माझ्या मुलीला वाटायचं, त्यांनी ठिपक्यांचे हातमोजे घातलेत. बोलणं कमी. तुम्ही दहा वाक्यं बोललात की ते एकदा "हं" म्हणणार, आणि त्या "हं"चा अर्थ काय तो तुम्ही घरी जाऊन लावत बसायचा. त्यांचा कुत्रा मात्र बडबड्या. खूर तासताना पडलेल्या चकत्या खायला मिळायच्या म्हणून तो त्यांच्या ट्रकमधून गावोगाव फिरायचा आणि प्रत्येक तबेल्यात पाहुण्यासारखा मान घ्यायचा.

आमचे घोडे म्हणजे शोभेचे नव्हेत. टनभर वजनाचे, ओढकाम करणारे. त्यांच्या शर्यतीसुद्धा ओढायच्या असतात. लोखंडाने लादलेली घसरगाडी ओढत मातीचे दोन उंचवटे चढायचे, उतरायचे, आणि शेवटच्या रेषेपर्यंत पोचायचं. अशा घोड्याचा नाल जेवायच्या ताटलीएवढा असतो. तो चुकीचा बसला तर सगळंच बसलं म्हणायचं.

इवाबुची-सानची एक रीत होती. तबेल्यात आले की ते आधी घोड्याकडे बघायचेच नाहीत. घोडा खोड्यात, म्हणजे लाकडी चौकटीत उभा करायचा, जुना नाल काढायचा, आणि मग त्या झिजलेल्या लोखंडावरून अंगठा फिरवत बसायचं. मालक तिथे ताटकळत उभा. मग एकदम म्हणायचे, "दारातून बाहेर पडताना हा उजवीकडे घाईने वळतो. तिथे बर्फ साचतो का?" आणि साचत असायचा! पन्हळीतून पाणी गळून नेमकं तिथेच गोठत असायचं. माझा नवरा हिदेतो म्हणायचा, "ह्या माणसासमोर बूट काढून ठेवायची भीती वाटते. तळवे बघून आपण काल कुठे पिऊन आलो ते सांगेल."

दुसरी रीत त्यांच्या वडिलांची. दुकानाच्या दाराशी एक जाड खांब आहे. काम चुकलं, घोड्याला त्रास झाला, की तो नाल काढून त्या खांबावर टांगायचा आणि खाली लाकडी पट्टीवर लिहायचं, कुणाचा घोडा, कुठला पाय, काय चुकलं. रोज सकाळी हत्यारांची पेटी घेऊन निघताना तो खांब नजरेला पडलाच पाहिजे. वडिलांचे नाल एका बाजूला, ह्यांचे दुसऱ्या बाजूला. मी लग्न होऊन आले तेव्हा हिदेतोने मला मुद्दाम नेऊन तो खांब दाखवला होता. तेव्हा इवाबुची-सानच्या बाजूला चार नाल होते. मी म्हटलं, "बाई, स्वतःच्या चुका अशा चव्हाट्यावर कोण मांडतं!" ते भट्टीपाशी होते. ऐकू गेलं असणार. म्हणाले, "हं."

त्या वडिलांनीच युद्धाच्या शेवटच्या वर्षी गावातल्या एकोणीस घोड्यांना नवेकोरे नाल ठोकले होते, सैन्यात धाडायच्या आदल्या दिवशी. एकही परत आला नाही. हे इवाबुची-सानने मला आयुष्यात एकदाच सांगितलं, आणि का सांगितलं ते पुढे येईलच.

मग ट्रॅक्टर आले. बीट, बटाटा, घेवडा, सगळ्या शेतांतून घोडे गेले. इतर नालबंद कुणी वेल्डर झाले, कुणी पेट्रोल पंपावर लागले. हे मात्र तेवढे शर्यतीचे घोडे आणि आमच्यासारखी चाळीसेक हट्टी घरं धरून राहिले. मला तरी त्यांच्या पोटापाण्याची कधी काळजी वाटली नाही. आपल्याला आपलं असतं हो, दुसऱ्याचं कोण बघतं!

आता माझं सांगते, कारण माझं सांगितल्याशिवाय त्यांचं सांगता येत नाही.

मी चौतीस वर्षांची असताना हिदेतो गेला. पोटात काहीतरी वाढलं होतं, बीट काढणीच्या वेळी कळलं आणि नव्या वर्षाच्या आत संपलंही. मागे राहिलो मी, सात वर्षांची मुलगी, सासरे मिकामी तोकुझो, आणि एक दोन वर्षांची घोडी, आसागिरी. तिच्या जन्माच्या वेळी पाय अडकला होता, हिदेतोने स्वतः हात घालून तिला बाहेर काढली होती. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तो माझ्याबद्दल कमी आणि तिच्याबद्दल जास्त विचारायचा. मला राग यायचा. पण मग घरी येऊन मी तिच्याच मानेला मिठी मारून रडायचे, तर राग तरी कसा धरायचा?

सासरे म्हणजे फटकळ माणूस. मुलगा गेल्यावर तर जिभेला हाडच उरलं नाही. "बाईमाणसाने ओढीची घोडी तयार केली असं माझ्या जन्मात ऐकलं नाही," म्हणाले. "क्यूशूची गाडी येईल तेव्हा देऊन टाकू." क्यूशूची गाडी म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तिकडे घोडं ताटात जातं.

मी हात जोडले नाहीत, भांडले. सबंध हिवाळा मी तिला बर्फातून ओंडके ओढायला शिकवत होते, माझ्या हातांना भेगा पडल्या होत्या, त्या दाखवल्या. शेवटी म्हातारा म्हणाला, "ठीक आहे. वसंतातली परीक्षा. एकच. पास झाली तर तुझी, तुला हवं ते कर. नाही झाली तर गाडी. आणि मध्ये काही वेडेपणा केलास, घोडीला काही झालं, तर परीक्षेचीही वाट बघणार नाही." दोन वर्षांच्या घोड्यांची ही परीक्षा ओबिहिरोच्या शर्यतीच्या मैदानावर होते. ठरलेल्या वेळेत घसरगाडी घेऊन रेषा ओलांडली तर घोडं शर्यतीचं, नाहीतर काहीच नाही.

परीक्षेच्या दहा दिवस आधी इवाबुची-सान आले. बर्फ वितळून रस्त्यांचा नुसता राडा झाला होता. त्यांनी आसागिरीच्या चारही पायांना नवे नाल ठोकले. जळत्या खुराचा धूर, तो कुत्रा, सासऱ्यांची बडबड, सगळं नेहमीसारखं. मी लाल बीन भरलेले भाताचे गोळे केले होते, त्यांनी दोन खाल्ले आणि तिसरा कुत्र्याला दिला. जाताना डावा पुढचा पाय पुन्हा एकदा उचलून बघितला, "हं" म्हणाले, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी खूर साफ करताना माझ्या लक्षात आलं. नालाला भोकं आठ, खिळे सात! डाव्या पुढच्या पायाला, बाहेरच्या बाजूचं शेवटचं भोक रिकामं.

मी म्हटलं, विसरले. झालं, म्हातारपण आलं ह्यांना. चोपन्न वर्षांचे होते ते, आज मी स्वतः बहात्तरची आहे, पण तेव्हा तसंच वाटलं. फोन करावा, तर चौदा किलोमीटर चिखलातून एका खिळ्यासाठी माणसाला परत बोलवायचं? त्यातून माझा स्वभाव असा की शर्टाचं एक बटण उघडं दिसलं तरी मला चैन पडत नाही. आणि परीक्षेत उंचवट्यावर नाल सुटला तर? हिदेतोची पेटी तबेल्यातच होती. त्यात खिळे होते, हातोडा होता. त्याला सैल खिळे ठोकताना मी शंभरदा पाहिलं होतं. एक खिळा, त्यात काय मेलं!

चार घाव घातले. तिसऱ्या घावाला आसागिरीने पाय हिसडला. मी तिला दटावलं, "आगाऊपणा करू नकोस, तुझ्याच भल्याचं आहे." टोक बाहेर आलं ते वळवलं, कानस फिरवली, आणि लांब उभी राहून बघितलं. आठही भोकं भरलेली. इतकं बरं वाटलं मला!

तिसऱ्या दिवशी सकाळी ती डावा पाय टेकवेना. नुसतं टोक जमिनीला लावून उभी. खुराला हात लावला तर गरम. मला काही कळलं नाही असं म्हणायला फार आवडलं असतं, पण कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं. उपटून टाकावा खिळा म्हणून मी पेटीकडे वळले, तर दारात सासरे उभे.

"लंगडतेय," ते म्हणाले. आणि दारातून हलले नाहीत. घरात जाऊन मीच इवाबुची-सानना फोन लावला. घोडी लंगडतेय एवढंच सांगितलं. खिळ्याचं जिभेवर आलं आणि गिळलं.

ते तासाभरात आले. गुडघ्यापर्यंत चिखल. सासरे हाताची घडी घालून उभे, मी लगाम धरून. त्यांनी पाय मांडीवर घेतला आणि सांडशीने एकेक खिळा दाबून बघायला लागले. पहिला, काही नाही. दुसरा, तिसरा, काही नाही. सातही झाले. मग आठव्याला सांडशी लागली आणि आसागिरी अशी उसळली की खोडा करकरला.

इवाबुची-सान त्या खिळ्याच्या डोक्याकडे बघत राहिले. त्यांचे खिळे नालात सपाट बसलेले असायचे, हा तिरका होता. आंधळ्यालाही बोटाने कळलं असतं. मग त्यांनी मान वर करून हिदेतोच्या पेटीकडे बघितलं. तिचं झाकण उघडंच होतं. आणि मग माझ्याकडे बघितलं. पापणी लवेपर्यंतच, पण बघितलं.

"काय आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"खिळा जिव्हाळीला लागलाय."

"म्हणजे? तू टोचलीस घोडी?"

"मी नाही तर कोण? नाल ठोकतो कोण इथे?" इवाबुची-सान खाली बघूनच म्हणाले. "हात चुकला माझा."

माझ्या तोंडातून "बाबा, तो खिळा..." एवढं निघालं असेल. इवाबुची-सान ताडकन म्हणाले, "फुमी, गरम पाणी आण. बादलीभर. आणि कोंडा आण, असेल तेवढा. उभी काय राहिलीस, घोडीला दुखतंय!" मी त्यांना कधी कुणावर ओरडताना ऐकलं नव्हतं. मी पळाले.

परत आले तेव्हा सासरे तापलेले होते. "बाप-लेक मिळून पन्नास वर्षं आमच्या घरचे नाल ठोकताय, आणि आज, ह्या वेळेला..."

"म्हणूनच," इवाबुची-सान म्हणाले. त्यांनी टोपी काढली आणि तबेल्याच्या ओल्या जमिनीवर गुडघे टेकून वाकले. माझ्या सासऱ्यांपुढे! "चूक माझी आहे, तर निस्तरायला मला द्या. परीक्षेपर्यंत मी रोज येईन. तोवर घोडी ह्या तबेल्यातून हलवू नका. माझ्या हातामुळे ती गाडीत चढली, तर मला पुन्हा हातोडा उचलायला तोंड उरणार नाही, तोकुझो-सान."

आमच्याकडे कारागिराने वाकून अशी मागणी केली की तिला नाही म्हणता येत नाही. म्हटलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. सासऱ्यांनी ओठ चावले, थुंकले आणि म्हणाले, "परीक्षेपर्यंत." आणि तरातरा निघून गेले.

खिळा उपटला तसं काळसर रक्त आलं. गरम पाण्यात पाय, मग कोंड्याचं पोटीस, मग गोणपाट. त्यांचे हात चालू होते, माझे डोळे वाहत होते. त्यांनी गोणपाटाची गाठ आवळली. मग हळूच म्हणाले, "भोक रिकामं दिसलं म्हणून भरायचंच असतं का गं?"

बस, एवढंच. आयुष्यात ते मला रागावले ते एवढंच. मग खूर दाखवून सांगितलं की तिथे तिची भिंत कागदासारखी पातळ आहे, म्हणून खिळा मारला नव्हता, उन्हाळ्यापर्यंत जाड होईल, तेव्हा मारला असता.

"पण तुम्ही का घेतलंत अंगावर?" मी विचारलं. "मी सांगते त्यांना. आत्ता जाऊन सांगते."

"सांग की. म्हणजे उद्या सकाळी क्यूशूची गाडी दारात. सासऱ्याला माझा राग आला तर तो मला बोलवायचं बंद करेल. तुझा आला तर घोडी जाईल. त्यात विचार कसला करायचा?" मग त्यांनी मला ती एकोणीस घोड्यांची गोष्ट सांगितली. म्हणाले, "माझ्या बापाने ते नाल फार सुंदर ठोकले होते. एकही चूक नव्हती. काय उपयोग झाला? ही एक तरी परत येऊ दे."

ते रोज आले. आठही दिवस, त्या चिखलातून, एकदा तर ट्रक रुतला म्हणून शेवटचे दोन किलोमीटर चालत, आणि मागे तो कुत्रा. पाचव्या दिवशी तिने पाय टेकला. सातव्या दिवशी त्यांनी नवा नाल आणला, पातळ, पुढे एक ओठ काढलेला, म्हणजे कमी खिळ्यांतही धरून राहील. ते रिकामं भोक त्यांनी मेणाने बुजवलं, आत घाण जाऊ नये म्हणून, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हे मेण आहे. ह्याच्यावर हातोडा मारू नकोस." मला हसू आलं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परीक्षेच्या दिवशी मी मैदानावर कठड्याला धरून उभी होते. पलीकडे सासरे, ओळख नसल्यासारखे. पहिला उंचवटा ती एका दमात चढली. दुसऱ्याच्या पायथ्याशी थांबली. नाकातून वाफा. बाकीचे घोडे पुढे. मी तिच्या डाव्या पायाकडे बघत होते, दुसरीकडे कुठे बघायचं मला सुचतच नव्हतं. मग तिने तोच पाय उचलला, मातीत रोवला, पुन्हा रोवला, आणि ती टनावारी लाद घेऊन वर! मी इतकी किंचाळले की शेजारच्या बाईने कान झाकले. वेळ संपायला थोडासा अवकाश असताना तिने रेषा ओलांडली. सासरे माझ्याजवळून जाताना म्हणाले, "बरी ओढते." दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला सबंध पिशवीभर गाजरं घातली, मी बघत नाही असं समजून.

आसागिरी सहा वर्षं शर्यतीत होती. मग अकरा पिल्लं दिली. आज माझ्या तबेल्यात उभी आहेत ती सगळी तिची नातवंडं-पतवंडं. माझी मुलगी घोड्यांची डॉक्टर झाली ती तिच्याच अंगाखांद्यावर वाढून. माझं घर, माझं नाव, म्हातारपणी सकाळी उठायला कारण, सगळं त्या एका पायावर उभं आहे. कुणाचे उपकार म्हणून सांगू?

आणि मी काय केलं? गप्प बसले.

सासऱ्यांनी सहकारी संस्थेत सगळ्यांना सांगितलं, "साकुने आमची घोडी टोचली." पाच घरांनी त्यांना बोलवणं बंद केलं. दोन परत आली, तीन कधीच आली नाहीत. तो सबंध उन्हाळा त्यांनी बीट काढायच्या यंत्रांची दुरुस्ती करत काढला. बायका माझ्यासमोर म्हणायच्या, "इवाबुचीचा हात थरथरतो म्हणे आता," आणि मी चहा पीत राहायचे. आधी सासऱ्यांची भीती. मग सवय झाली. मग सासरे वारले, तेव्हा वाटलं, आता कुणाला सांगायचं? भित्रेपणाला कारणं कमी पडत नाहीत. घोडी माझी, म्हणून बोलवायची मी, आणि ते आमच्याकडे येत राहिले, गोळे खात राहिले, तिसरा कुत्र्याला देत राहिले. कुत्रे बदलले, ते नाही बदलले. त्यांच्या दुकानात मात्र मी पुन्हा पाऊल टाकलं नाही. तो खांब होता ना तिथे.

गेल्या शरद ऋतूत त्यांची मुलगी मिसाओ हिचा फोन आला. बाबांचे गुडघे गेले, दुकान बंद करतोय, ज्याला नाल हवा त्याने रविवारी यावं. मी बटाट्याची थालीपिठं केली, एका हाताने डबा धरला, आणि दुसऱ्या हाताने छाती धरून गेले म्हटलं तरी चालेल.

अंगणात गर्दी होती. इवाबुची-सान खुर्चीत बसलेले, मांडीवर गोधडी, पायाशी कुत्रा. लोक टोपल्यांतून नाल उचलत होते, मिसाओ प्रत्येकाला लाल दोरी देत होती. मी आत गेले. खांब तिथेच होता. त्यांच्या बाजूला सात नाल. सातवा पाहिला आणि खाली पट्टी वाचली. शाई फिकट झाली होती, पण अक्षर त्यांचंच होतं. "मिकामींची आसागिरी. डावा पुढचा. खिळा जिव्हाळीला. चूक माझी."

मी समजत होते, त्यांनी सासऱ्यांपुढे वेळ मारून नेली असेल. पण सासरे वारल्यावर तरी ही पट्टी बदलता आली असती. तेव्हा खरं लिहिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? अडतीस वर्षं रोज सकाळी पेटी उचलून निघताना त्यांनी माझी चूक स्वतःची म्हणून वाचली होती.

मागून मिसाओ लोकांना घेऊन आली. "हे सात तेवढे कुणाला द्यायचे नाहीत, बाबांनी बजावलंय," ती कौतुकाने म्हणाली. "सत्तर वर्षांत सात चुका. तेवढ्याच!"

त्या तीन घरांपैकी एका घरचा मुलगा, आता तोही साठीचा, पट्टी वाचून म्हणाला, "हां, हीच ती मिकामींची घोडी. आमचे वडील सांगायचे. तेव्हापासून तर आम्ही दुसऱ्याला बोलवायला लागलो."

"सहा," मी म्हटलं.

"काय?" मिसाओने विचारलं.

"सहा चुका. सातवी माझी आहे." आणि मग मी सगळं सांगितलं. रिकामं भोक, हिदेतोची पेटी, चार घाव, सगळं. थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा अडतीस वर्षं गेली असती, आणि तेवढी काही मला मिळणार नाहीत. त्या साठीच्या मुलाने टोपी काढली. मग अंगणात गेला आणि इवाबुची-सानच्या खुर्चीपुढे कमरेत वाकला, चांगला वेळभर.

मी नाल खांबावरून उतरवला आणि त्यांच्यापुढे नेऊन गुडघ्यांवर बसले. "इवाबुची-सान, हा माझा आहे. घेऊन जाते. आणि..." शेवटी एवढंच म्हटलं, "फार फार आभारी आहे हो मी."

त्यांनी नाल हातात घेतला. जुन्या सवयीने लोखंडावरून अंगठा फिरवला. "भोक रिकामं का ठेवलं ते तुला सांगितलं नव्हतं," म्हणाले. "तेवढी माझी."

"काही नाही तुमची! लाज नाही वाटत ह्या वयात खोटं बोलायला?"

"हं," ते म्हणाले, आणि हसले. दात दोनच उरलेत, पण हसले ते सगळ्या तोंडाने.

दारातून मिसाओने हाक मारली. "बाबा, खांबावर ही जागा उघडी दिसतेय. मधेच नुसता खिळा. दुसरा एखादा नाल लावू का तिथे, बरं दिसेल?"

"नको," इवाबुची-सान म्हणाले. "प्रत्येक रिकामी जागा भरायची नसते. नसेल पटत तर हिला विचार."

मिसाओने माझ्याकडे बघितलं. मी 'नको' म्हणून मान हलवली, आणि डब्यातलं थालीपीठ काढून पहिलं त्यांच्या हातात दिलं.